पऱ्हाटीतली हवा

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्याकडे, हिंगणघाटच्या बाजूला, दुसऱ्या होळ्या पेटायला लागतात. दिवस कलला, वारं पडलं की एकेका धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाळ दिसतो. उपटून रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची झाडं, वाळून कडकडीत झालेली असते. काडी लावली की तडतडत पेटते आणि अर्ध्या तासात खेळ खलास. सकाळी तिथं पांढुरक्या राखेचं वर्तुळ आणि मधे धुमसणारं एखादं जाड बुड, एवढंच उरतं.

शेजारच्या काकांना मी एकदा म्हटलं, "काका, जाळता कायले? विकून टाका ना."

"घेते कोण बावा? अन् घेतली तरी नेते कोण?"

घेणाऱ्याचं उत्तर सोपं होतं. त्या दुसऱ्या प्रश्नात मात्र मी अडकलो, आणि हा लेख त्याच्यापायीच लिहितो आहे.

आधी पऱ्हाटीत आहे काय ते पाहू. एका एकरात वाळलेली पऱ्हाटी साधारण टनभर निघते. कोरडवाहूत थोडी कमी, ओलिताच्या वावरात जास्त. एक किलो वाळली पऱ्हाटी जळली की ४ हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते. आपल्याकडचा औष्णिक केंद्रांचा कोळसाही साधारण तेवढीच देतो, कारण त्यात ३० ते ४५ टक्के नुसती राख असते. पऱ्हाटीत राख पाच-सहा टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. घरच्या मापात सांगायचं तर एकरभर पऱ्हाटीत गॅसच्या २५ सिलिंडरांएवढी उष्णता आहे. ही झाली कागदावरची गोष्ट. साध्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकीची भिंतीला, छपराला आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांना. गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या आसपास लागते. म्हणजे चुलीपुरतं बोलायचं तर त्या २५ सिलिंडरांचे पाचच उरतात. आमच्या जिल्ह्याला हा हिशोब नवा नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानं वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराच्या चुलीवर काम केलं होतं. 'मगन चूल' हे नाव तिथूनच आलं.

मग मी काकांचाच प्रश्न तपासून पाहायचं ठरवलं. पऱ्हाटीची एक ट्रॉली भरली. भरली म्हणजे वर माणूस चढवून, तुडवून, दोरानं आवळून, रस्त्यावरच्या तारांना लागेल की काय इतकी उंच. वजनकाट्यावर नेली तर माल पुरता आठ क्विंटलही भरला नाही. काटेवाला हसला. "सर, हवा आणली काय?"

त्याचं बरोबर होतं. सुट्ट्या पऱ्हाटीचा एक घनमीटर ढीग पन्नास-साठ किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच जागेत कोळसा आठ-नऊशे किलो मावतो. उष्णता किलोमागे सारखीच, पण पऱ्हाटीच्या फांद्या एकमेकींना टेकू देऊन उभ्या राहतात आणि मधल्या पोकळीचं भाडं ट्रॅक्टरवाला आपल्याकडूनच घेतो. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कारखान्यात ट्रॉली नेली तर डिझेल, भरणावळ, उतरणावळ जाऊन हातात चहापाण्याचे पैसे राहतात. शेतकऱ्याला अडाणी म्हणून पऱ्हाटी जाळण्याबद्दल भाषण देणाऱ्यांनी एकदा ही ट्रॉली भरून पाहावी.

ही हवा बाहेर काढण्याचा एक जुना उपाय आहे. पऱ्हाटीचा भुगा करून तो यंत्रात प्रचंड दाबाखाली ठासला की मनगटाएवढ्या जाडीच्या कांड्या निघतात. धंद्यात त्याला पांढरा कोळसा म्हणतात, दिसायला तो तपकिरी असला तरी. गंमत म्हणजे त्यात डिंक, चिकटा काही घालत नाहीत. लाकडाला ताठपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ पऱ्हाटीत जवळजवळ चौथा हिस्सा असतो. दाबानं आणि घर्षणानं भुगा तापला की हा लिग्निन मऊ पडतो, आणि थंड झाला की चिक्कीतल्या गुळासारखा सगळ्यांना धरून बसतो. अशी चांगली घट्ट कांडी पाण्यात टाकली तर तरंगत नाही, बुडते. बोटाएवढ्या लहान कांड्या केल्या की त्या पेलेट.

हाच लिग्निन गोबरगॅसच्या वाटेत मात्र आडवा येतो. पऱ्हाटी बारीक करून टाकीत सोडली तर गॅस मिळेल का, असं मला बरेच जण विचारतात. टाकीतल्या जिवाणूंना लिग्निन पचत नाही. शेण त्यांना आवडतं, कारण गाईनं अर्धं काम आधीच केलेलं असतं. २५ किलो ताज्या शेणातून सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो, आणि विदर्भाचा उन्हाळा त्याला मानवतो, कारण या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. तेव्हा शेण टाकीत, सोयाबीनचं कुटार गुरांपुढं, तुराट्या कुडाला आणि पऱ्हाटी आगीला. गावानं वाटण्या बऱ्याच आधी करून ठेवल्या आहेत.

कांड्या पाडायच्या तर भुग्यात ओल ८ ते १२ टक्केच हवी. जास्त असेल तर यंत्रात वाफ होऊन कांडी फुटते, फारच कोरडा असेल तर भुगा धरत नाही. जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी यापेक्षा कितीतरी ओली असते. एक किलो पाणी उडवायला सहाशे किलोकॅलरी जातात, म्हणून परदेशातल्या कारखान्यांत वाळवणीसाठीच मोठाल्या भट्ट्या चालतात. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन ते काम फुकट करतं. पऱ्हाटीच्या धंद्यात विदर्भाला निसर्गानं दिलेली ही सर्वांत मोठी सवलत आहे.

पण फुकटच्या वाळवणीत एक मेख आहे. ती लांबीला जेमतेम एक सेंटिमीटर आणि रंगानं गुलाबी. पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या कवड्यांमध्ये, न फुटलेल्या बोंडांमध्ये बोंडअळी उन्हाळाभर झोपून राहते. खाणं नाही, हालचाल नाही. पावसाच्या ओलाव्यानं जाग आली की पतंग होऊन नव्या कपाशीकडं उडते. मी धुऱ्यावरच्या ढिगातली एक कवडी मे महिन्यात फोडली होती. दोन सरक्या जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या, त्यांच्या आत पोखरून केलेल्या खोलीत अळी गुंडाळून बसलेली. बाहेर ४५ अंश, आत ती निवांत. २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून सगळीकडं तिनं काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग वावराजवळ ठेवू नका, असं सांगत असते. वाळवण्यासाठी ढीग ठेवावा तर अळी पोसते, अळी मारायला जाळावं तर इंधन जातं.

या पेचातून सुटायचा मार्ग म्हणजे वावरातच तुकडे करणं. ट्रॅक्टरला जोडलेलं श्रेडर पऱ्हाटीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतं. त्यात कवड्या चिरडतात, अळी मरते. तुकडा लहान म्हणून उन्हात चार-सहा दिवसांत वाळतो. आणि फांद्यांचा टेकू मोडल्यामुळं अर्ध्याहून जास्त हवा तिथंच निघून जाते. माझ्या मते या सगळ्या साखळीतलं महत्त्वाचं यंत्र हेच. कांड्या पाडायच्या कारखान्याचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. श्रेडर गावात वेळेवर आलं का, हे कोणी पाहत नाही. फेब्रुवारीत हवं असलेलं यंत्र एप्रिलअखेर मिळालं तर तोवर काकांनी काडी लावलेली असते, कारण त्यांना उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट-वखरट, करायची असते.

घेणारे आता खरंच आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर साधारण ५ टक्के पेलेट जाळण्याचं धोरण आखलं. आमच्या भागाची परिचयाची चिमणी चंद्रपूरची, २,९२० मेगावॅटची. विजेच्या एका युनिटमागं साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला तर पूर्ण क्षमतेनं चालताना तिला दिवसाला ४५ हजार टन लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सव्वादोन हजार टन. म्हणजे सव्वादोन हजार एकरांची पऱ्हाटी, एका दिवसात! राज्यात कपाशीखाली ४० लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र आहे, त्यामुळं माल कमी पडणार नाही. बॉयलरवाल्यांची तक्रार वेगळीच आहे. पऱ्हाटीत पोटॅश आणि थोडं क्लोरीन असतं. त्यामुळं तिची राख लवकर वितळते आणि नळ्यांवर काचेसारखी चिकटते. शिवाय कोळसा दळताना फुटतो, पऱ्हाटीचा तंतू नुसता पिंजतो. यावर उपाय म्हणजे हवा न लागू देता अडीचशे-तीनशे अंशांवर ती भाजून घ्यायची. हरभऱ्याचा फुटाणा होतो तशी ती ठिसूळ होते आणि दळायला कोळशासारखी चालते. खर्च अर्थात वाढतो.

मला खरी काळजी त्या पोटॅशची वाटते. धुऱ्यावर जाळलं तरी ते निदान धुऱ्यावर पडतं. राखेच्या वर्तुळावर पुढच्या साली तूर काळीभोर वाढलेली मी पाहिली आहे. पऱ्हाटी चंद्रपूरला गेली की पोटॅश कोळशाच्या राखेत मिसळून राखेच्या तलावात जातं. शहरात दिवा लागतो, वावराला पोत्यातलं खत विकत घ्यावं लागतं. म्हणून सगळीच पऱ्हाटी विकू नये असं माझं मत आहे. काही तुकडे मातीत जावेत, तेही लवकर. पेरणीच्या तोंडावर गाडले तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःकडं ओढतात आणि कोवळी रोपं पिवळी पडतात. खड्ड्यात वरून पेटवून, वेळेत पाणी मारून कोळसा करायचा आणि मातीत घालायचा, याचीही सध्या हवा आहे. त्यातला कार्बन शेकडो वर्षं टिकतो हे खरं. पण आमची काळी जमीन आधीच विम्ल (अल्कधर्मी) आहे आणि तो कोळसाही विम्लच असतो. आम्लधर्मी जमिनीत दिसतो तसा फरक इथं दिसेल अशी आशा मी धरत नाही.

यंदा श्रेडर फेब्रुवारीतच आलं. काका सकाळपासून यंत्रामागं फिरत होते, मुठीत चुरा घेऊन कवड्या शोधत. सहा एकरांपैकी दोन एकरांचा चुरा त्यांनी वावरातच पसरू दिला. "हे आपल्या मातीचं," म्हणाले. बाकीच्यातला एका खेपेचा वाळल्यावर त्याच ट्रॉलीत भरला, फळ्यांच्या वर न जाऊ देता, आणि त्याच काट्यावर नेला. साडेसतरा क्विंटल भरला.