नेटचा प्लॅन वाढवला, तरी साइट हळूच: बँडविड्थ आणि लेटन्सी

१०० एमबीपीएसचं कनेक्शन ३०० चं केलं, तरी एखादी साइट आधीइतकाच वेळ घेते. अशा वेळी दोष बहुधा बँडविड्थचा नसतो, लेटन्सीचा असतो. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा बँडविड्थचा असतो, आणि आपण त्यालाच ‘नेटचा स्पीड’ म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तालुक्याहून टेम्पोनं माल आणायचा आहे असं धरा. एका खेपेत किती पोती मावतात, ती बँडविड्थ. एका खेपेला जाऊन-येऊन किती वेळ लागतो, ती लेटन्सी. टेम्पोऐवजी ट्रक घेतला तर पोती जास्त येतील, पण रस्ता तेवढाच राहील. त्यातून सामानाची यादी एकदम न देता एकेक वस्तू आठवेल तशी मागवली, तर ट्रकचा काय उपयोग?

वेबपेज नेमकं असंच, एकेक मागवत येतं. सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आहे असं समजा. मुंबईपासून सरळ अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसते, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या आसपास धरा. पहिली खेप टीसीपी कनेक्शन जोडायला (टीसीपी म्हणजे पोच घेत घेत डेटा पाठवायची पद्धत). दुसरी टीएलएसला, म्हणजे पत्त्यातल्या https च्या सुरक्षित जोडणीला (जुन्या टीएलएस १.२ मध्ये दोन लागत. २०१८ च्या १.३ नं एक वाचवली). तिसऱ्या खेपेत पान मागायचं. झाले ६०० मिलिसेकंद. आणि १२ केबीचं ते पान १०० एमबीपीएसवर उतरायला लागतो जेमतेम १ मिलिसेकंद! प्लॅन तिप्पट करून त्या एकातलंच काहीतरी वाचतं.

पान मोठं असेल तर आणखी एक गोष्ट घडते. टीसीपी सुरुवातीला हात राखून पाठवतं: पहिल्या हप्त्यात साधारण १४ केबी, आणि पोच मिळाल्यावर पुढचं. म्हणून पानाचा पहिला भाग कॉम्प्रेस करून १४ केबीच्या आत बसवणं मला फार मोलाचं वाटतं. त्यात एक अख्खी खेप वाचते. वाचक महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबईत ठेवावा, किंवा जवळ केंद्र असलेलं सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावावं. त्यानं प्रत्येक खेपच छोटी होते.

बँडविड्थ नडते ती वजनदार पानांना. ४ एमबीपीएसच्या मोबाइल नेटवर ३ एमबीचा फोटो उतरायला ६ सेकंद लागतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि एका बाइटचे आठ बिट, म्हणून ३ एमबी म्हणजे २४ मेगाबिट). तिथे सर्व्हर हलवून फारसं काही होणार नाही, फोटोच हलका करायला हवा.

आपल्या साइटला नेमकं काय नडतंय ते क्रोममध्ये दिसतं. डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या ओळीचं टायमिंग उघडा. कनेक्शन जोडण्यात वेळ जात असेल तर लेटन्सी, डाउनलोडमध्ये जात असेल तर बहुतेक वेळा बँडविड्थ. ‘वेटिंग’ मोठं दिसलं तर मात्र जपून: त्यात एका खेपेच्या जोडीला सर्व्हरनं पान तयार करायला घेतलेला वेळही असतो.