किरकोळ विक्रम (क्रिकेट)

सामन्याच्या निकालाशी किंवा खेळाडूच्या थोरवीशी फारसा संबंध नसलेला, तरीही क्रिकेटरसिकांनी हौसेने जपलेला आकडा. सर्वाधिक धावा, सर्वाधिक बळी हे मोठे विक्रम झाले. शतक न ठोकता कारकिर्दीत सर्वाधिक धावा, भोपळा न फोडता सर्वाधिक वेळ खेळपट्टीवर उभे राहणे, हे किरकोळ. मोठा कोणता आणि किरकोळ कोणता यावर रसिक एका बैठकीत तासन्‌तास वाद घालू शकतात आणि घालतातही.

हे वेड क्रिकेटमध्येच एवढे का फोफावले, याचे उत्तर खेळाच्या घडणीत आहे. फुटबॉल सलग वाहत राहतो. क्रिकेट चेंडूचेंडूने थांबते. टाकणारा कोण, खेळणारा कोण, धावा किती, बाद कसा, याची प्रत्येक चेंडूला नोंद होते. स्कोअररच्या वहीवरून गेलेला सामना पुन्हा जवळजवळ जसाच्या तसा उभा करता येतो. त्यामुळे १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला झालेल्या पहिल्या कसोटीचा हिशेब आजही मांडता येतो. चार्ल्स बॅनरमन जखमी होऊन परतला तेव्हा त्याच्या १६५ धावा झाल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाचा डाव २४५ वर आटोपला. संघाच्या पूर्ण झालेल्या डावातला एकट्याचा हा ६७.३४ टक्के वाटा कसोटीत अजून कोणी ओलांडलेला नाही.

माहिती साठवण्याची ही हौस जुनीच. विस्डेन या इंग्लंडमधल्या क्रिकेट-वार्षिकाचा पहिला अंक १८६४ मध्ये निघाला, त्यात क्रिकेटबरोबर ब्रिटनमधल्या कालव्यांची लांबीसुद्धा छापली होती. पुढे रेडिओच्या समालोचनकक्षात आकडेतज्ज्ञाला हक्काची खुर्ची मिळाली. इंग्लंडमध्ये बिल फ्रिंडल आणि आपल्याकडे मुंबईचे आनंदजी डोसा यांनी हाताने लिहिलेल्या वह्यांवर हे काम केले. संगणक आल्यावर ते सोपे झाले आणि माझ्या मते स्वस्तही झाले.

किरकोळ विक्रम तयार होतो तो अटीमुळे. ‘परदेशात’, ‘चौथ्या डावात’, ‘सातव्या क्रमांकावर’, ‘डावखुऱ्याने’ असे एकेक विशेषण जोडत गेले की यादी आखडत जाते आणि शेवटी एकच नाव उरते. त्या नावाला विक्रमवीर म्हणायचे. अशा विक्रमातून खेळाबद्दल काहीच कळत नाही. कळते ते फक्त चाळणीबद्दल. दूरचित्रवाणीच्या पट्टीवर दर षटकाला असा एखादा विक्रम झळकतो आणि दुसऱ्या षटकात विसरला जातो.

पण अट नेहमी खोटी नसते. कसोटी सरासरीच्या यादीत ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन ९९.९४ सह अव्वल दिसतो, तो ‘किमान २० डाव’ ही अट घातल्यावर. ती काढली तर वेस्ट इंडिजचा अँडी गँटॉम त्याच्या वर बसतो. त्याने १९४८ मध्ये एकच कसोटी डाव खेळून ११२ धावा केल्या, आणि नंतर त्याला पुन्हा कधी कसोटीत घेतले नाही. ब्रॅडमनचा आकडा तर आता धर्मवाक्यासारखा झाला आहे. १९४८ मध्येच ओव्हलवर, त्याच्या शेवटच्या कसोटी डावात, इंग्लंडच्या एरिक हॉलिसने त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला. चार धावा झाल्या असत्या तर ७० वेळा बाद होऊन बरोबर ७,००० धावा, म्हणजे सरासरी १०० झाली असती. त्या चार धावांची हळहळ अजून संपलेली नाही.

मोजायचे काय, यावरही बरेच अवलंबून असते. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकली. डावाअखेर त्यांचे पृथक्करण होते ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. मराठी घरांत हा आकडा पाठ असतो, आणि असावाच. टप्पा आणि दिशा यांवरची अशी हुकमत पुन्हा दिसलेली नाही. मात्र चेंडू मोजले तर चित्र पालटते. नाडकर्णींचे १३१ चेंडू कोरे गेले, तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७ च्या मोसमात डर्बनला सलग १३७ चेंडूंवर धाव दिली नव्हती. तिकडे तेव्हा षटक आठ चेंडूंचे असल्याने त्याची निर्धाव षटके सोळाच भरली.

काही किरकोळ विक्रमांत एक अख्खी दुपार साठलेली असते. न्यूझीलंडचा जेफ अ‍ॅलट १९९९ मध्ये ऑकलंडला १०१ मिनिटे आणि ७७ चेंडू खेळून शून्यावर बाद झाला. वाचताना हसू येते, पण समोर दक्षिण आफ्रिकेच्या ६२१ धावांचा डोंगर होता आणि फॉलोऑन मिळून लगेच पुन्हा फलंदाजीला यावे लागूनही न्यूझीलंडने तो सामना अनिर्णित राखला. ती १०१ मिनिटे फुकट गेली नव्हती. फिरकी गोलंदाज भागवत चंद्रशेखर यांचे २४२ कसोटी बळी आणि १६७ कसोटी धावा शेजारी मांडल्या की त्यांचे थोरपण उलट उठूनच दिसते.

उरतात ते निव्वळ योगायोग. यांना अर्थ नाही, आणि म्हणूनच ते सर्वांत निरागस. ८ एप्रिल १९६३ ला, म्हणजे इंग्रजी पद्धतीने ८-४-६३ ला, जन्मलेल्या अ‍ॅलेक स्ट्युअर्टच्या कसोटी धावा ८,४६३ भरल्या. पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी जिंकली होती. शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये त्याच मैदानावर झालेली शतकमहोत्सवी कसोटीही त्यांनी ४५ धावांनीच जिंकली. १११ हा आकडा इंग्रजांत ‘नेल्सन’ म्हणून अशुभ मानतात. धावफलकावर तो लागला की पंच डेव्हिड शेफर्ड एका पायावर उड्या मारत. ११ नोव्हेंबर २०११ रोजी केपटाऊनला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी दक्षिण आफ्रिकेला ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयासाठी १११ धावा हव्या होत्या. ते मिनिट संपेपर्यंत पंच इयन गूल्ड आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षक एक पाय वर करून उभे राहिले.