गाडीतल्या कॉम्प्युटरची मोटरवर उघड-मिट होणारी स्क्रीन: ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

गाडीत कॉम्प्युटर बसवून घेणारे लोक आता बरेच यायला लागलेत, कुणी रास्पबेरी पाय (हाताच्या पंजाएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) घेऊन येतं, कुणी घरचा छोटा मिनी पीसी, आणि सगळ्यांची मागणी साधारण एकच, स्क्रीन हवी तेव्हा वर यावी आणि नको तेव्हा डॅशबोर्डमध्ये दिसेनाशी व्हावी. ते आम्ही करून देतो. फक्त त्याआधी एवढं लक्षात घ्या की स्क्रीन उघडणारी मोटर कुणीही लावून देईल, खरं काम आहे उघडलेली स्क्रीन खड्ड्यात हलू नये आणि मिटताना कुणाचं बोट सापडू नये याचं, आणि तुमच्या बिलातले बरेचसे पैसे तिथेच लागतात.

आधी स्क्रीन विकत घेऊ नका

ही विनंतीच समजा. म्युझिक सिस्टिमच्या खाच्याची मापं ठरलेली असतात, सिंगल डिन खाचा साधारण १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच, डबल डिन १८० बाय १००. साधं सात इंची पॅनल १६५ बाय १०० मिमीच्या आसपास असतं म्हणजे ते आडवं झोपवून सिंगल डिनमध्ये सरकतं, पण रास्पबेरी पायचा जुना सात इंची ऑफिशियल टच डिस्प्ले १९४ मिमी रुंद आहे, तो कितीही खटपट केली तरी त्या खाच्यात जाणार नाही, आणि लोक नेमका तोच आधी घेऊन येतात. मग एकतर डॅशबोर्ड कापायचा किंवा स्क्रीन परत करायची, दोन्ही नकोसं काम. गाडी दाखवा, माप घेऊ, मग स्क्रीन सांगतो.

आम्ही दोन प्रकार बनवतो. पहिल्यात स्क्रीन खाच्यातून आधी पुढे सरकते आणि मग उभी राहते, दिसायला एकदम झकास, पण दोन हालचाली म्हणजे दोन मोटरी, दोन रेल, आणि प्रत्येक सांध्याला थोडा तरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतोच. दुसऱ्यात स्क्रीन डॅशबोर्डच्या वरच्या खोबणीत पालथी पडलेली असते आणि एकाच बिजागरीवर वर येते. तुम्ही आम्हाला विचाराल तर दुसराच घ्या. कमी पार्ट, कमी खडखड, आणि पाच वर्षांनी दुरुस्त करायची वेळ आली तर कुठलाही बरा मेकॅनिक ते उघडून बघू शकतो.

जागेचं मात्र आम्ही ऐकून घेत नाही. २०२२ पासून बाहेर पडलेल्या गाड्यांना शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीने असते, ती डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला झाकणाखाली बसलेली असते आणि झाकणावर एसआरएस एअरबॅग असं लिहिलेलं असतं. त्या झाकणावर किंवा ते उघडताना जिथे येईल तिथे आम्ही काहीही बसवत नाही, स्टिकरसुद्धा नाही, कारण एअरबॅग फुटते ती सेकंदाच्या छोट्याशा अंशात आणि मधे आलेली प्रत्येक वस्तू ती थेट माणसाच्या तोंडावर फेकते. गिऱ्हाईक कितीही आग्रह करू दे, इथे आमचं उत्तर ‘नाही’ हेच.

बाकी बघायच्या गोष्टी साध्या आहेत पण विसरल्या जातात. पहिला, तिसरा, पाचवा गियर टाकला की लिव्हर पुढे जातो आणि खाली उघडणारी स्क्रीन असेल तर हात तिच्यावर आपटतो. हॅझर्डचं बटण बऱ्याच गाड्यांत मधोमध असतं, उघडलेल्या स्क्रीनने ते झाकलं जाता कामा नये. एसीची हवा स्क्रीनच्या पाठीवर आली तर चांगलंच, पण तुमच्या तोंडावरची अडली तर उन्हाळ्यात शिव्या द्याल. आणि स्क्रीनची वरची कड ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो त्याच्या खालीच राहिली पाहिजे, त्यासाठी तुम्हाला सीटवर बसवूनच माप घेतो, उंच माणसाची गाडी त्याची बायको चालवत असेल तर तिलाही सोबत आणा.

मोटर आणि क्लच

काच, ड्रायव्हर बोर्ड (स्क्रीन चालवणारं सर्किट) आणि केसिंग धरून सात इंची स्क्रीनचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास जातं. वजनाचा मध्य बिजागरीपासून ५ सेंमीवर धरला तर आडव्या स्क्रीनला उचलायला २ किलो-सेंमी टॉर्क (फिरवायचा जोर, वजन गुणिले अंतर) लागतो, म्हणजे काहीच नाही. पण ही टचस्क्रीन आहे, तुम्ही वरच्या कोपऱ्यात बोटाने अर्धा किलोचा दाब दिलात तर १० सेंमीवर तो ५ किलो-सेंमी होतो, वजनापेक्षा तुमचं बोटच जड. त्यात खड्डे. म्हणून आम्ही १५ किलो-सेंमीची मोटर धरतो.

सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) का नाही असं खूप जण विचारतात, तेवढ्या ताकदीचे सर्व्हो पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात आणि स्वस्तही आहेत. पण सर्व्होला स्क्रीन धरून ठेवायला सतत करंट लागतो, तो गुणगुणतो, थरथरतो, आणि सप्लाय गेला की स्क्रीन मान टाकते. आम्ही १२ व्होल्टची वर्म गियर मोटर वापरतो, ६ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ६ फेरे. त्यात वर्म चाकाला फिरवतो पण चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे करंट बंद असतानाही स्क्रीन जिथे थांबवली तिथेच ठाम राहते. ६ आरपीएमला १०० अंश उघडायला तीन सेकंदांच्या आत काम होतं. याहून फास्ट करून द्या म्हणू नका, शेवटी येऊन आपटते. गियरमध्ये अंशभर प्ले राहतोच, तो मारायला बिजागरीवर एक हलकी टॉर्शन स्प्रिंग घालतो जी स्क्रीनला कायम एकाच बाजूला दाबून धरते, खडखड तिथेच संपते.

आता याच मोटरची दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा. जी मोटर उलटी फिरत नाही तिच्यात बोट अडकलं तर नुसता करंट तोडून बोट सुटत नाही. म्हणून तीन बंदोबस्त करतो. एक, मोटर आणि बिजागरीच्या मधे घर्षणाचा स्लिप क्लच, १० किलो-सेंमीला सेट केलेला, त्यावर जोर आला की मोटर फिरत राहते पण क्लच घसरतो आणि स्क्रीन पुढे जात नाही, मोटर जळाली तरी स्क्रीन हाताने मिटवता येते. दोन, कंट्रोलर मोटरचा करंट बघत असतो, सुरू होतानाचा झटका सोडून मधेच करंट चढला की मोटर नुसती थांबत नाही, उलटी फिरून स्क्रीन थोडी मागे घेते. तीन, बिजागरीजवळची फट रबराच्या पट्टीने बंद. हे तिसरं लोकांना फालतू वाटतं, पण हिशोब करा, १० किलो-सेंमीचा क्लच स्क्रीनच्या टोकाला १ किलोचा दाब देतो, तोच बिजागरीपासून १ सेंमीवर १० किलो होतो, आणि लहान मुलांची बोटं नेमकी तिथेच जातात.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच असतात. ते आम्ही मोटरच्या वायरमध्येच सिरीजला घालतो आणि प्रत्येकाला एक डायोड समांतर जोडतो, स्क्रीन पूर्ण उघडली की स्विच तुटतो, त्या दिशेचा करंट बंद, पण उलट दिशेचा करंट डायोडमधून जातो म्हणून परत मिटवता येते. यात प्रोग्रामचा काही संबंध नाही, कंट्रोलर हँग झाला तरी मोटर टोकाला थांबणारच, आणि आम्हाला ते तसंच हवं आहे.

करंट आणि बॅटरी

गाडीचे १२ व्होल्ट हे नावाला १२. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, सेल मारताना ८-९ पर्यंत खाली, आणि मधेच मोठे झटके. घरच्या कामाचा स्वस्त कन्व्हर्टर (गाडीचं व्होल्टेज कॉम्प्युटरला लागेल तसं करून देणारा) लावलात तर सेल मारला की रास्पबेरी पाय रीस्टार्ट होतो. आम्ही गाडीसाठी बनलेला कन्व्हर्टरच लावतो, त्याला बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर सुरुवातीलाच फ्यूज, आणि चावी फिरवल्यावर काही सेकंद थांबूनच स्क्रीन उघडते, म्हणजे सेल आणि मोटर एकदम करंट ओढत नाहीत.

बंद करतानाचा क्रम जास्त महत्त्वाचा. चावी काढली की आधी स्क्रीन मिटते, मग कॉम्प्युटरला शटडाऊनचा सिग्नल जातो, तो नीट बंद झाल्यावर रिले सप्लाय तोडतो. थेट सप्लाय तोडला तर आज नाही उद्या मेमरी कार्ड खराब होणार. आणि तोडलाच नाही तर तीन वॅट खाणारा रास्पबेरी पाय १२ व्होल्टवर पाव अँपिअर ओढतो, दिवसाला ६ अँपिअर-अवर, लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, गाडी तीन दिवस उभी राहिली की निम्मी उतरली. चौथ्या-पाचव्या दिवशी धक्का मारायला माणसं शोधा.

आम्ही कंपनीच्या वायरी कापत नाही, म्युझिक सिस्टिमच्या मागच्या कपलरला जोडणारा तयार कपलर वापरतो, कधी काढायचं ठरलं तर गाडी पहिल्यासारखी. रिव्हर्स लाइटची एक वायर घेतली की रिव्हर्स टाकताच स्क्रीन आपोआप उघडून कॅमेरा दाखवते, हे जरूर करून घ्या, सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. गाडी चालू असताना व्हिडिओ दिसणार नाही अशी सोय आम्ही ठेवतो, ती काढून द्या म्हणणाऱ्यांचं काम घेत नाही.

पत्रा आणि केबल

ब्रॅकेट आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा लेझर कटिंग करून बनवतो. थ्रीडी प्रिंटचे पार्ट लागतात तिथे एएसए किंवा एबीएस, हे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे प्रकार. घरी प्रिंटर असलेले बरेच जण पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये छापून आणतात, पण पीएलए ६० अंशाच्या आसपास मऊ पडतो आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो, विदर्भ-मराठवाड्यात तर बोलायलाच नको. पार्ट वाकतो, स्क्रीन तिरकी होते, मग मोटर अडकते. पूर्ण तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या स्क्रीन उघडू नका, दोन मिनिटं काचा खाली करा आणि मग उघडा, एलसीडीसाठीही तेच बरं.

तक्रार येते ती बहुतेक केबलची. साधी एचडीएमआय केबल जाड आणि ताठ असते, प्रत्येक उघड-मिटीला ती एकाच जागी वाकते आणि आतली तार तुटते, लक्षण म्हणजे स्क्रीन ठराविक कोनात काळी पडते आणि जरा हलवली की परत येते. आम्ही पातळ चपटी रिबन वापरतो, बिजागरीच्या दांड्याभोवती सैल वेटोळं घालून, म्हणजे वाकण्याऐवजी ती वेटोळ्यात फिरते. दोन्ही टोकं क्लॅम्पने घट्ट, जोर कनेक्टरवर येता कामा नये. सगळे नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले), बारीक स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद).

गाडी आणायच्या आधी डॅशबोर्डचे समोरून, वरून आणि ड्रायव्हरच्या सीटवरून काढलेले फोटो पाठवा, मॉडेल आणि वर्ष लिहा, आणि कॉम्प्युटर कुठला ते सांगा. गाडी न्यायला याल तेव्हा मिटणाऱ्या स्क्रीनमध्ये पेन्सिल धरून बघा, स्क्रीन थांबून मागे गेली पाहिजे. आमच्यासमोर, दोन-तीन वेगवेगळ्या जागी करा, आणि समाधान झाल्याशिवाय पैसे देऊ नका. मग हजारेक किलोमीटर झाले की एकदा गाडी आणा, नट तपासून, क्लच परत सेट करून देतो, त्याचा वेगळा चार्ज नाही.