दांडीला लोंबकळल्याने उंची वाढते?

‘मुलाला रोज दांडीला लोंबकळायला लावा, उंची वाढेल’ हा सल्ला पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो अगदीच हवेतला नाही. लोंबकळताना मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार हलका होतो, पाठ जराशी लांबते. पण उभं राहून वावरलं की चकत्या पुन्हा दबतात.

घरीच बघा. मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा. एकदा उठल्याउठल्या, एकदा रात्री. रात्रीची खूण साधारण 1 सेंटीमीटर खाली येते, लोंबकळलं नाही तरी!

उंची खरी वाढते ती मुख्यतः लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेत, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागात. ती ताणून वाढत नाही. तिथे आनुवंशिकता, हार्मोन्स, डाळ-भात-अंड्याचं पुरेसं जेवण आणि झोप यांचं चालतं. शाळेतली दांडी मात्र राहू द्या, पकड आणि खांदे तिच्यावर छान तयार होतात.