गरम गाडी अडखळली म्हणून सेन्सर बदलू नका
परभणी-नांदेडकडे मे महिन्यात उन्हात थोडा वेळ थांबवलेली गाडी पुन्हा सुरू करताना अडखळली, की सल्ला ठरलेला: ‘हवेच्या तापमानाचा सेन्सर गेला, बदला.’ बहुतेकदा तो शाबूत असतो. बंद इंजिनाची धग खाऊन तो समजा ७० अंश सांगतो, आत शिरणारी हवा मात्र ४५ची. मॅप सेन्सरवर (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवा विरळ समजून पेट्रोल सुमारे ७ टक्के कमी सोडतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी अडखळते. यावर सगळीकडे पेट्रोल वाढवणं आणखी चूक, कारण हवा खरंच तापलेली असेल तेव्हा गाडी रिच चालते, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. ट्यूनिंगमध्ये, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमध्ये, तापमानानुसार पेट्रोल घटवणारी दुरुस्ती (करेक्शन) फक्त आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, हवा कमी वाहते तेव्हाच सौम्य करा. तापमानानुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या इग्निशनच्या दुरुस्तीला कृपा करून हात लावू नका; नॉकिंगपासून, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांपासून, इंजिन ती वाचवते.