व्हॉलीबॉलमधील आक्रमण-कौशल्यांचे शालेय अध्यापन : कोकण किनारा

नेटवरून चेंडू पलीकडे असा धाडायचा की प्रतिपक्षाला तो उचलता येऊ नये, यासाठी लागणाऱ्या कौशल्यांना व्हॉलीबॉलमध्ये आक्रमण-कौशल्ये म्हणतात. उडी घेऊन मारलेला जोरकस स्मॅश हे त्यांतील मुख्य कौशल्य. बोटांनी ब्लॉकमागे, म्हणजे चेंडू अडवायला नेटवर उंचावलेल्या हातांमागे, अलगद टाकलेला ड्रॉप, रिकामी जागा हेरून केलेले प्लेसिंग आणि मागच्या ओळीतून केलेला हल्ला हीही याच वर्गातली. नियमांची व्याख्या याहून व्यापक आहे : सर्व्हिस आणि ब्लॉक वगळता चेंडू पलीकडे पाठवणारी प्रत्येक कृती आक्रमणच ठरते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या शाळांत पीटीच्या तासाला ही कौशल्ये कशी शिकवली जातात आणि त्यावर इथल्या जमिनीचा, वाऱ्याचा व गावच्या खेळाचा काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय आहे.

पुस्तकांत ‘स्पाइक’ असे लिहिलेले असले तरी मैदानावर ‘स्मॅश’ हाच शब्द चालतो आणि मारणारा तो ‘स्मॅशर’. त्याला चेंडू वर काढून देणारा ‘लिफ्टर’ किंवा ‘बूस्टर’. ‘सेटर’ हा शब्द प्रशिक्षण-शिबिरांतून आला आणि अलीकडे रुळला.

स्मॅशचा उगम वादाचा आहे. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथील वायएमसीएत (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेत) हा खेळ रचला, तो मध्यमवयीन व्यावसायिकांना न दमवणारी करमणूक म्हणून. नेटची उंची ६ फूट ६ इंच, म्हणजे जेमतेम १.९८ मी. होती. एका बाजूला चेंडू किती वेळा खेळवावा यावर मर्यादा नव्हती आणि आक्रमण असे काही वेगळे मानलेच जात नव्हते. १९१० मध्ये एलवूड ब्राउन यांच्यामार्फत खेळ फिलिपाइन्समध्ये पोहोचला. तिथे एकाने चेंडू उंच काढून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी घेऊन तो खाली हाणायचा, ही जोडरचना विकसित झाली. या फटक्याला तिथे ‘बोम्बा’ आणि मारणाऱ्याला ‘बोम्बेरिनो’ म्हणत. बहुतेक ग्रंथ यासाठी १९१६ हे वर्ष देतात. ते काटेकोर मानण्यापेक्षा १९१३ ते १९२० या दरम्यानचा टप्पा मानणे अधिक सुरक्षित. कारण १९१३ च्या मनिला येथील पहिल्या अतिपूर्व क्रीडास्पर्धेत व्हॉलीबॉलचा समावेश होता, आणि तीन स्पर्शांची मर्यादा व मागच्या ओळीतून आक्रमणाचे नियम १९२० च्या सुमारास आले. नियम सहसा खेळाच्या मागून चालत येतात. स्मॅश रूढ झाल्याशिवाय त्याला आवर घालण्याची गरज कोणाला भासली नसती.

काही अभ्यासक स्मॅशचे सगळे श्रेय फिलिपाइन्सला देतात. काहींच्या मते उंच खेळाडू त्याआधीच अमेरिकेत चेंडू खाली मारत असावेत. १.९८ मी. उंचीच्या नेटवर धिप्पाड माणसाला न उडताही चेंडू खाली दाबता येतो, हे लक्षात घेतले तर दुसरे मत टाकाऊ ठरत नाही. तरीही नुसता खाली मारलेला फटका आणि ‘लिफ्ट व स्मॅश’ ही ठरवून केलेली जोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीचे श्रेय फिलिपिनो खेळाडूंनाच जाते, असे मानणे सयुक्तिक वाटते. शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद कोरडा नाही. स्मॅश हे एकट्याचे कौशल्य म्हणून शिकवायचे की दोघांचे, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

भारतात हा खेळ वायएमसीएच्या वाटेने आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा १९३६ मध्ये लाहोरला झाली आणि भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला काढलेल्या शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेमुळे या प्रांतातील शाळांना प्रशिक्षित शिक्षक मिळू लागले.

ग्रामीण महाराष्ट्रात व्हॉलीबॉलचा आणखी एक प्रकार जोरात आहे : शूटिंग. त्यात दोन्ही हात जुळवून डोक्यावरून चेंडू लांब व सपाट मारतात. कोकणातही काही गावांत मे महिन्यात चाकरमानी आले की दिव्यांच्या उजेडात त्याचे सामने रंगतात. शाळेतला मुलगा पाचवी-सहावीत असतानाच वडिलांना, काकांना असे मारताना पाहतो आणि पीटीच्या तासाला दोन्ही हात जुळवूनच चेंडूवर येतो. ही सवय स्मॅशच्या आड येते, असे बऱ्याच प्रशिक्षकांचे मत आहे. दोन्ही हात एकत्र गेले की खांद्यामागे कोपर नेता येत नाही, धड वळत नाही आणि चेंडू खाली येण्याऐवजी पुढे जातो. हे खरे आहे. पण शूटिंग पाहत वाढलेल्या मुलाला चेंडू कुठे पडणार याचा अंदाज आधीच आलेला असतो, फटक्याची भीती मोडलेली असते आणि रिकामी जागा हेरायची नजर तयार असते. स्मॅश शिकवताना हात बदलायला दोन आठवडे लागतात. नजर घडवायला वर्षे जातात. म्हणून अशा मुलाला ‘चुकीचे शिकून आलास’ म्हणून मागे बसवणे हे मोठे नुकसान आहे.

स्मॅशचे तंत्र धाव, उडी, हाताचा झोका, चेंडूशी संपर्क आणि पाय टेकणे या क्रमाने सांगितले जाते. उजव्या हाताने मारणाऱ्याची तीन पावले डावे, उजवे, डावे अशी पडतात. पहिले पाऊल सावकाश, पुढची दोन झटक्यात. दुसऱ्या पावलाबरोबर दोन्ही हात मागे जातात आणि उडीबरोबर वर येतात. मग कोपर कानाच्या रेषेत मागे खेचून, हात पूर्ण ताणून, खांद्याच्या किंचित पुढे चेंडू गाठायचा. तळवा उघडा, बोटे पसरलेली. मनगट चेंडूवरून पुढे मोडले की चेंडूला पुढची फिरकी मिळते आणि त्यामुळे तो नेट ओलांडून लवकर खाली येतो. उतरताना दोन्ही पाय एकदम आणि गुडघे वाकलेले हवेत. एका पायावर उतरायची सवय लागली की घोटा आणि गुडघा कधीतरी किंमत वसूल करतात.

यातले आधी काय शिकवावे याबद्दल दोन मते आहेत. जुन्या पाठ्यक्रमांत पावले आधी व फटका शेवटी. दुसरी पद्धत उलटी : आधी जमिनीवर उभे राहून फटका, मग उडी, मग एक पाऊल, शेवटी पूर्ण धाव. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, पन्नास मुले आणि तीन चेंडू अशा वर्गात दुसरी पद्धत सरस ठरते. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाच्या तळव्याला चेंडूचा ‘ठप्प’ आवाज ऐकू येतो आणि तो पुढच्या तासाला स्वतःहून धावत येतो. कोकणातल्या मुलाला हाताचा झोका वेगळा शिकवावा लागत नाही. कैऱ्या पाडायला धोंडा भिरकावताना कोपर जसे मागे जाते, तसेच इथे न्यायचे. एवढे सांगितले की पुरते.

साधनेही घरचीच. शाळेच्या आवारातल्या आंब्याच्या फांदीला सुंभाच्या शिंक्यात जुना चेंडू टांगतात. दोरी मागच्या खोडाला गुंडाळलेली असते, ती सैल केली की चेंडू पाचवीच्या मुलासाठी खाली येतो, ओढली की दहावीच्या मुलासाठी वर जातो. शिंक्यातला चेंडू मारल्यावर सरळ पुढे जाऊन झोक्याने परत आला तर तळवा मधोमध बसला. तो गिरक्या घेत बाजूला गेला तर फटका कडेला लागला. मुलाला सरांनी काही सांगावे लागत नाही. दुसरे साधन म्हणजे आंबे काढायचा झेला. शिक्षक बाकावर उभा राहून झेल्याच्या तोंडावर चेंडू नुसता टेकवून नेटच्या कडेशी धरतो आणि मुले ओळीने धावत येऊन तो उडवतात. इथे चेंडू स्थिर असल्याने पावलांकडे लक्ष देता येते. हवेतल्या चेंडूवर येताच मात्र सगळ्यांची एकच चूक होते : लिफ्ट हातातून सुटायच्या आत धावणे आणि चेंडूखाली जाऊन अडकणे. ‘बॉलाखाली जाव नको, मागसून ये!’ ही हाक सिंधुदुर्गातल्या मैदानावर एका तासात वीसदा ऐकू येते.

नेटची उंची हा शालेय अध्यापनातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. पुरुषांसाठी २.४३ मी. आणि स्त्रियांसाठी २.२४ मी. ही प्रौढांची मापे आहेत. १५० सेंमी. उंचीच्या मुलाचा वर केलेला हात साधारण १९० ते १९५ सेंमी.पर्यंत पोहोचतो. पुरुषांच्या नेटवर तो अर्धा मीटर उडाला तरी बोटेच वर दिसतात. अशा नेटवर शिकलेली मुले चेंडू खालून ढकलतात आणि ढकलायची ती सवय पुढेही सुटत नाही. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय महासंघाने उचलून धरलेल्या मिनी व्हॉलीबॉलमध्ये लहान अंगण, बुटके नेट आणि मोजके खेळाडू असतात, ते याच कारणाने. सुरूच्या दोन खांबांना मासेमारीच्या जुन्या जाळ्याची पट्टी मुलांच्या बोटांच्या उंचीवर बांधली तरी हे साधते.

वाऱ्याचा विचार पुस्तकांत सहसा नसतो. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदान उत्तर-दक्षिण आखतात, त्यामुळे नेट पूर्व-पश्चिम येते. सकाळी मतलई वारा पडलेला असतो. दुपारचा खारा वारा समुद्रावरून थेट नेटच्या रेषेत वाहतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या संघाची डावी बाजू समुद्राकडे येते आणि तिकडे दिलेली लिफ्ट वाऱ्याला अडून तोकडी पडते. बाजू बदलली की तीच लिफ्ट खांबापलीकडे वाहून जाते. पहिल्या सेटमध्ये जमलेला स्मॅशर दुसऱ्यात चुकू लागतो आणि स्वतःलाच दोष देतो. लिफ्ट बुटकी ठेवणे आणि धाव अर्ध्या क्षणाने उशिरा घेणे हा त्यावरचा उपाय, आणि तो खाऱ्या वाऱ्यातच शिकवावा लागतो.

जमीन दोन प्रकारची. सड्यावरचे, म्हणजे कातळी पठारावरचे, जांभ्याचे मैदान कठीण. त्यावर उडी चांगली मिळते, पण उतरताना गुडघ्याला दणका बसतो. किनाऱ्याची पुळण मऊ असते. तिथे न घाबरता उतरायला शिकता येते, मात्र पाय रुतल्याने उडी कमी पडते आणि धावेची लय मंदावते. किनारी व्हॉलीबॉलमध्ये उघड्या बोटांनी ड्रॉप टाकणे नियमबाह्य आहे. पुळणीत सराव करणाऱ्या शाळकरी मुलांना हा फरक सांगून ठेवावा लागतो.

शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हाच पाऊस सुरू होतो. १४, १७ व १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा साधारणपणे ऑगस्टपासून तालुका पातळीवर लागतात, म्हणजे सरावाचे महिने नेमके चिखलाचे. या काळात व्हरांड्यात पावलांचा ताल, भिंतीवर चेंडू आपटून मनगटाचा सराव आणि ओल्या चेंडूऐवजी टेनिसच्या चेंडूची फेक चालते. रत्नागिरी व सिंधुदुर्गचे जिंकलेले संघ पुढे कोल्हापूर विभागात खेळतात, त्यामुळे त्यांची गाठ कोरड्या मैदानावर लवकर सराव सुरू केलेल्या घाटावरच्या संघांशी पडते.

शालेय सामन्यांत आक्रमणाचे गुण जातात ते बहुधा तीन चुकांनी : मारताना नेटला स्पर्श, मागच्या ओळीतल्या खेळाडूने नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेवर पाय ठेवून घेतलेली उडी आणि ड्रॉप टाकताना चेंडू हातात विसावणे. रेषा फक्कीने आखलेली असते आणि पहिल्या सरीत वाहून जाते. म्हणून काही शिक्षक तीन मीटरवर सुंभाची दोरी जमिनीत दाबून बसवतात. उडी घेताना ती अनवाणी पायाला लागते.