ढगाचं प्रेम आणि पैठणचा नाग

परवा पैठणला आत्याला 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन मालिकेतल्या एका भागाची गोष्ट सांगत होतो. 'आंतरजातीय प्रेमाची आहे' एवढं म्हणताच तिने विचारलं, "कोणाची रे पोरगी?" पोरगी नाही, ढग आहे म्हटल्यावर शेंगा फोडता फोडता तिचा हात थांबला. चूक तिची नव्हती. मराठीत 'जात' माणसालाही असते आणि गुरालाही. देवणी, लाल कंधारी या आमच्याकडच्या जातीच.

हा भाग एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १० नोव्हेंबर १९६७ ला लागला. नाव 'मेटॅमॉर्फोसिस', लेखक जीन कून. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं इंजिन शोधणारा झेफ्रम कॉक्रेन दीडशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला असतो. एका निर्जन लघुग्रहावर एका तेजस्वी ढगाने त्याला जपलंय, तरुण ठेवलंय. तो एकटेपणाने खंगतो म्हणून हा ढग मालिकेचा नायक कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांचं यान सोबत्यांसकट खेचून आणतो. मग भाषांतर यंत्रातून ढगाचा आवाज बाईचा निघतो आणि कळतं, ही माया नसून प्रेम आहे.

कॉक्रेनला किळस येते. ज्याच्या सहवासात त्याने इतकी वर्षं काढली, त्याच्याच नावाने तो शिसारी काढतो. नव्या जमान्याच्या स्पॉकला आणि सोबतच्या डॉक्टरला त्यात वावगं काय तेच उमगत नाही. शेजारी त्याच यानातून आलेली, मरणपंथाला लागलेली नॅन्सी हेडफर्ड हे ऐकते. तिच्यावर आयुष्यात कोणी प्रेम केलेलं नाही आणि हा माणूस चालून आलेलं प्रेम झिडकारतोय, याचं तिला रडू येतं.

त्या साली हे कुठून आलं, ते शोधायला लांब जावं लागत नाही. पाचच महिन्यांपूर्वी, १२ जून १९६७ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात वंशावरून लग्नाला बंदी घालणारे कायदे रद्द केले होते. तोवर १६ राज्यांत ते लागू होते. लव्हिंग हे नवराबायको: रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. १९५८ मध्ये पोलिसांनी रात्री घरात शिरून दोघांना अंथरुणातून उठवून अटक केली होती. कॉक्रेनची किळस प्रेक्षकांच्या ओळखीची होती, असं मला वाटतं. पुढच्याच आठवड्यात स्पॉकचे आईवडील पडद्यावर आले: आई पृथ्वीवरची, बाप व्हल्कन या परग्रहावरचा. मात्र २२ नोव्हेंबर १९६८ ला गोऱ्या कर्कने यानावरच्या कृष्णवर्णीय अधिकारी उहुराचं चुंबन घेतलं, ते परग्रहवासीयांनी मनोबलाने भाग पाडलं म्हणून. ढगाला सूट होती, माणसाला सबब लागली.

आणि ढगालाही पुरती सूट नव्हतीच. शेवटी तो मरत्या नॅन्सीच्या देहात शिरतो, अमरत्व सोडतो, तेव्हा कुठे कॉक्रेन वळतो. इथे भाग कच खातो. पण एक दृश्य मनातून जात नाही: नॅन्सीच्या देहातली ती आपला रंगीत ओढणीसारखा स्कार्फ डोळ्यांसमोर धरून कॉक्रेनकडे बघते, आणि मधल्या त्या झिरझिरीत कापडाने क्षणभर पुन्हा ढग होते.

पैठणकरांनी यावर नाक मुरडू नये. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, तो ज्या 'बृहत्कथे'वर बेतलाय तिच्या कर्त्याचा, गुणाढ्याचा, जन्म प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या प्रदेशातच होतो. श्रुतार्था नावाच्या ब्राह्मण मुलीला दिवस जातात. तिचे दोघे भाऊ आधी संशय घेतात ते एकमेकांवर! ती सांगते, वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन नाग, त्याच्याशी गांधर्व विवाह झालाय. भाऊ पुरावा मागतात. ती मनात आठवण काढते, नाग हजर होतो आणि सांगतो की ही मुळात शापित अप्सरा, तुम्ही दोघेही शापितच. झाली पळवाट. ढगाला बाई करावं लागलं, बाईला अप्सरा. जोडी एका पातळीवर आणल्याशिवाय सांगणाऱ्याला चैन नाही.

त्या जोडप्याचा मुलगा, म्हणजे गुणाढ्य, पुढे पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून बसला आणि पिशाचांच्या भाषेत सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते तुच्छ लेखले. मग तो रानात एकेक पान वाचून जाळू लागला, आणि जनावरं चरणं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. उपाशी जनावरं सुकली, राजाच्या ताटातलं मांस वाळकं झालं तेव्हा शोध लागला. एक लाख श्लोक तेवढे जळायचे राहिले.

हे सगळं आत्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण त्या ढगाचं पुढं काय झालं?"

तिला तो लघुग्रह सोडता येत नाही, म्हटलं. सोडला तर मरते. म्हणून कॉक्रेनच तिथे राहिला.

"म्हंजे घरजावई झाला की," आत्या म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.